न्यू जर्सीत स्कूल बोर्डाला उभं राहताना: माजी शिक्षकांसाठी

न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे एका किंवा काही गावांच्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारे विभाग. त्यातल्या बहुतेकांचं बोर्ड गावचे मतदार निवडून देतात. साधारण चित्र असं असतं: नऊ सदस्य, प्रत्येकाची मुदत तीन वर्षं, दरवर्षी तीन जागांची निवडणूक आणि मानधन काहीच नाही. एडिसन, पिस्कॅटवे, साउथ ब्रन्झविक, प्लेन्सबरो अशा गावांत मराठी घरं भरपूर आहेत आणि शाळेत शिकवून निवृत्त झालेली किंवा नोकरी सोडलेली माणसंही आहेत. त्यांतल्या कुणाच्या मनात बोर्डाचा विचार येत असेल तर ही माहिती त्यांच्यासाठी आहे. नियम न्यू जर्सीचे आहेत. पेनसिल्व्हेनियात किंवा टेक्ससमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचे नियम वेगळे पाहावेत, कारण शेजारच्या राज्यातही तारखा आणि पद्धत पार बदलते.

सगळ्यात आधी बोर्ड नेमकं काय करतं ते पक्कं करून घ्या, कारण माजी शिक्षकांचा गोंधळ इथेच होतो. राज्याच्या कायद्यातल्या आचारसंहितेत एक कलम आहे. त्याचा अर्थ असा की शाळा चालवणं हे बोर्डाचं काम नाही, शाळा नीट चालल्या आहेत ना हे बघणं हे बोर्डाचं काम. बोर्ड सुपरिंटेंडेंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य प्रशासक, नेमतं आणि दरवर्षी त्याचं मूल्यमापन करतं. बजेट मंजूर करतं, धोरणं ठरवतं, शिक्षक संघटनेशी करार करतं. एखाद्या शिक्षकाला नेमणं किंवा त्याची बदली करणं यासाठी आधी सुपरिंटेंडेंटची शिफारस यावी लागते. ती आल्याशिवाय बोर्ड स्वतःहून नाव पुढे करू शकत नाही. वाचनाचा अभ्यासक्रम बदलायचा, अमुक शाळेत एक सहाय्यक वाढवायचा, गणिताच्या वर्गाची मुलं कमी करायची, यांपैकी काहीही एकटा सदस्य करू शकत नाही. त्याच्या हातात नवातलं एक मत असतं आणि जाहीर बैठकीत प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. वर्गात अडचण दिसली की शिक्षक स्वतः उठून ती सोडवतो. बोर्डावर ती सवय बाजूला ठेवावी लागते. हे मान्य असेल तर पुढे वाचा.

पात्रता आणि शिक्षकांपुरत्या अडचणी

अमेरिकेचं नागरिकत्व, वय १८ पूर्ण, त्या डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्ष वास्तव्य आणि तिथे मतदार नोंदणी, या मूळ अटी. ग्रीन कार्डवर उभं राहता येत नाही. महापौर किंवा गावच्या कौन्सिलचा सदस्य असताना बोर्डावर बसता येत नाही. काही गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली असेल तर अपात्रता येते.

शिक्षकांसाठी खरी पाहण्याची गोष्ट हितसंबंधांची. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये तुम्ही नोकरीत आहात त्याच डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर बसता येत नाही. निवृत्ती घेतलेली असेल किंवा राजीनामा दिलेला असेल तर हा अडसर नाही. मात्र त्यानंतरही ‘बदली शिक्षक’ म्हणून अधूनमधून जात असाल, उन्हाळी वर्ग घेत असाल किंवा एखाद्या खेळाचं प्रशिक्षण देऊन मानधन घेत असाल, तर ती नोकरीच धरली जाते. ती सोडावी लागेल. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये शिकवत असाल आणि स्वतःच्या गावच्या बोर्डाला उभं राहायचं असेल, तर त्याला हरकत नाही. फक्त शिक्षकांची राज्य संघटना एनजेईए दोन्हीकडे समान असल्यामुळे शिक्षकांच्या कराराच्या वाटाघाटींपासून तुम्हाला दूर राहावं लागतं. नवरा, बायको किंवा मुलगी त्याच डिस्ट्रिक्टमध्ये कामाला असेल तर वाटाघाटी आणि सुपरिंटेंडेंटची नेमणूक व मूल्यमापन या दोन्हींतून बाहेर राहावं लागतं. म्हणजे बोर्डाची दोन सर्वांत मोठी कामं तुमच्याशिवाय होणार. मतदारानं हे विचारलं तर उत्तर तयार हवं आणि ते खरं हवं.

डिस्ट्रिक्टवर तुमचा पैशाचा दावा चालू असेल, म्हणजे थकीत पगार, कामावर झालेली इजा, मुलाच्या विशेष शिक्षणाचा खर्च वगैरे, तर अर्ज भरण्याआधी शालेय कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला एक तास द्या. निवडून आल्यावर जागा गमावण्यापेक्षा ती फी स्वस्त पडते.

आणखी एक नाजूक बाब. जुने सहकारी प्रेमानं म्हणतील, ‘संघटनेचा पाठिंबा जाहीर करतो.’ स्थानिक संघटनेच्या पाठिंब्यावर निवडून आलेल्या सदस्याच्या वाटाघाटीतल्या सहभागावर राज्याच्या स्कूल एथिक्स कमिशननं मर्यादा सांगितलेल्या आहेत. पाठिंबा घ्यायचाच नाही असं नाही, पण घेण्याआधी हा हिशेब करा. कराराचं वर्ष तुमच्या मुदतीत येत असेल आणि तुम्हाला त्याच टेबलावर बसायचं असेल, तर सहकाऱ्यांना वैयक्तिकरीत्या मदत करू द्या आणि संघटनेचं पत्र टाळा.

अर्ज भरण्याआधीचे सहा महिने

फेब्रुवारीपासून प्रत्येक जाहीर बैठकीला जा. मागे बसून अजेंडा वाचा. नियमित ठरावांची यादी एका झटक्यात मंजूर होते आणि खरी चर्चा कमिट्यांमध्ये झालेली असते हे दोन बैठकांत कळतं. कोण सदस्य आकडे वाचून येतो, कोण नाही, तेही कळतं. जागा रिकाम्या कोणाच्या होणार आहेत, त्यातले कोण पुन्हा उभे राहणार आहेत, हे मे महिन्यापर्यंत समजलं पाहिजे.

बजेट हा शिक्षकांचा कच्चा विषय असतो, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्या. न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टला लोकांना समजेल असं संक्षिप्त बजेट वेबसाइटवर ठेवावं लागतं. गेल्या तीन वर्षांची तीन बजेटं छापून शेजारी शेजारी ठेवा. पाच ओळींवर खूण करा: पगार, आरोग्य विमा, मुलांची ने-आण, डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळांना द्यावी लागणारी विशेष शिक्षणाची फी आणि राज्याची मदत. बाकीच्या ओळी सध्या राहू द्या.

आता मर्यादेचं गणित. २०१० च्या कायद्यानं शाळेसाठीचा स्थानिक मालमत्ता कर वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आरोग्य विम्याचा वाढता खर्च, पटसंख्येतली वाढ अशा काही गोष्टींना सवलत आहे. त्यापलीकडे जायचं असेल तर मतदारांपुढे वेगळा प्रश्न ठेवावा लागतो. समजा, तुमच्या गावचा शाळा कर १० कोटी डॉलर आहे. म्हणजे पुढच्या वर्षी सवलती सोडून २० लाख डॉलर वाढवता येतील. पगारांवर ७ कोटी जात असतील आणि करारात ३ टक्के वाढ लिहिलेली असेल तर नुसत्या पगारांना २१ लाख लागले. विमा, डिझेल, इमारतीचं छत हे सगळं अजून बाहेरच आहे. हे चार आकडे स्वतःच्या डिस्ट्रिक्टचे घालून एका कागदावर मांडा. ‘वर्गात मुलं कमी हवीत’ असं बोलणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हा कागद कधीतरी गाठतो. तुम्हाला तो आधीच पाठ असावा.

शिक्षकांच्या करारांच्या प्रती पब्लिक एम्प्लॉयमेंट रिलेशन्स कमिशनच्या साइटवर सापडतात. तुमच्या डिस्ट्रिक्टचा करार कधी संपतो ती तारीख टिपून ठेवा. शाळांचे निकाल, गैरहजेरी, बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण हे राज्याच्या शिक्षण विभागाच्या वार्षिक शाळा अहवालांत मिळतं. जे कुठेच मिळत नाही ते ओप्रा, म्हणजे सरकारी कागदपत्रं मागण्याचा हक्क देणाऱ्या राज्याच्या कायद्याखाली लेखी मागता येतं. उत्तर द्यायला कार्यालयाला साधारण सात कामाचे दिवस असतात. मागणी नेमकी लिहा. ‘विशेष शिक्षणाची सगळी माहिती’ असं लिहिलं तर अर्ज परत येतो. ‘२०२२ ते २०२५ या प्रत्येक शैक्षणिक वर्षात डिस्ट्रिक्टबाहेर पाठवलेल्या विद्यार्थ्यांची एकूण संख्या आणि एकूण फी’ असं लिहिलं तर कागद मिळतो.

पिटिशन

बहुतेक डिस्ट्रिक्टची निवडणूक नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर होते. त्यांचं पिटिशन, म्हणजे मतदारांच्या सह्या असलेला उमेदवारी अर्ज, काउंटी क्लार्कच्या कार्यालयात जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी ४ वाजेपर्यंत पोचावं लागतं. २०२६ मध्ये तो दिवस २७ जुलै. टपालाचा शिक्का चालत नाही, कागद त्यांच्या हातात पडला पाहिजे. काही डिस्ट्रिक्ट अजून एप्रिलमध्ये निवडणूक घेतात, नेवार्क हे त्यातलं मोठं नाव. तिथे पिटिशन डिस्ट्रिक्टच्या सचिवाकडे द्यायचं असतं आणि तारीखही वेगळी असते. तुमचं गाव कुठल्या गटात आहे हे आधी बघा.

फॉर्म त्याच वर्षीचा घ्या. किती सह्या लागतात तो आकडा त्यावर छापलेला असतो. मागच्या खेपेच्या उमेदवाराच्या आठवणीवर जाऊ नका. जेवढ्या लागतात त्याच्या दुप्पट गोळा करा, कारण सह्या बाद होतात, आणि त्या कशा बाद होतात ते जवळून पाहण्यासारखं आहे.

शेजारच्या काकू दारात सही करतात. त्यांचं मतदार यादीतलं नाव पूर्ण आहे, ‘सुलोचना’, आणि सही करताना त्या ‘सुलू’ लिहितात. अपार्टमेंटचा नंबर राहतो. काका बाथरूममध्ये आहेत म्हणून काकूच त्यांचीही सही करून देतात: ही बाद, आणि कुणी हरकत घेतली तर सगळा कागद संशयात येतो. वरच्या मजल्यावरचं कुटुंब दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातून आलं आहे, पण मतदार नोंदणी जुन्याच पत्त्यावर आहे: बाद. आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ग्रीन कार्डवरचे मामा आग्रहानं सही करतात, कारण ‘आपल्या ताईंसाठी’. ते मतदार नाहीत. त्यांची सही घेऊ नका. त्याहून महत्त्वाचं, कुणीही उत्साहाच्या भरात अशा माणसाकडून मतदार नोंदणीचा फॉर्म भरून घेऊ नका. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवलं तर त्या माणसाचा या देशातला मुक्कामच धोक्यात येऊ शकतो. तुमच्या प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी हे सांगा.

म्हणून मतदार यादी काउंटीच्या निवडणूक कार्यालयातून आधी घ्या, सह्या देणाऱ्यांची नावं तिच्यात शोधा, यादीत जसा पत्ता आहे तसाच लिहून घ्या आणि मगच पेन पुढे करा.

पिटिशनवर आणखी दोन रकाने नीट भरा. पहिला मुदतीचा. कुणी मध्येच जागा सोडलेली असेल तर पूर्ण तीन वर्षांच्या जागांबरोबर एक किंवा दोन वर्षांची उरलेली मुदतही मतपत्रिकेवर येते. त्या वेगळ्या निवडणुका आहेत. चुकीच्या मुदतीवर खूण केली तर ज्या जागेसाठी तयारी केली ती राहून जाते. उरलेल्या मुदतीच्या जागेला अनेकदा उमेदवार कमी असतात, त्यामुळे नव्या माणसानं तिचा विचार जरूर करावा. दुसरा रकाना घोषवाक्याचा. मतपत्रिकेवर नावाशेजारी तीन शब्दांपर्यंत मजकूर छापता येतो. पक्षाचं नाव चालत नाही. दोघं-तिघं मिळून उभे राहिलात तर हेच तीन शब्द सगळ्यांनी घ्यायचे असतात, म्हणजे मतदाराला जोडी ओळखता येते. जाड विशेषणांपेक्षा मतदाराच्या लक्षात राहील असा साधा शब्दगट निवडा, आणि तोच पत्रकावर, पाटीवर, तोंडात सगळीकडे ठेवा.

कागद शेवटच्या दिवशी नेऊ नका. एक आठवडा आधी नेलात तर चूक निघाली तरी दुरुस्तीला वेळ मिळतो. नावांचा क्रम नंतर चिठ्ठ्या टाकून ठरतो. त्या वेळी हजर राहता येतं.

पैसे

प्रचार छोटा असला तरी राज्याच्या निवडणूक खर्च आयोगाकडे, म्हणजे एलेककडे, नोंद करावी लागते. खर्च ठरावीक मर्यादेखाली राहणार असेल तर एका छोट्या फॉर्मवर भागतं. मर्यादा बदलत असते, म्हणून त्या वर्षीचं मार्गदर्शक पत्रक उतरवून घ्या. वेगळं बँक खातं उघडा. घरखर्चाच्या खात्यातून पाट्यांचे पैसे देऊन नंतर जुळवाजुळव करायला गेलात तर एखादी पावती हमखास हरवते. खजिनदार म्हणून असा माणूस घ्या जो वहीत रोजच्या रोज लिहितो. नात्यातला असलाच पाहिजे असं नाही.

आपल्या लोकांत एक गोष्ट वारंवार स्पष्ट करावी लागते. एच-१बी किंवा इतर व्हिसावर असलेल्या व्यक्तीकडून एक डॉलरही घेता येत नाही. हा केंद्रीय कायदा आहे आणि तो गावच्या निवडणुकीलाही लागू आहे. ग्रीन कार्डधारक वर्गणी देऊ शकतात. व्हिसावरचे मित्र विनामोबदला मदत करू शकतात, म्हणजे पत्रकं घडी घालणं, पाट्या लावणं, फोन करणं. प्रचाराचे पैसे कुठे खर्च करायचे यासारखे निर्णय मात्र त्यांनी घ्यायचे नाहीत. देणगीचा फॉर्म बनवताना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डची चौकट त्यातच घाला, म्हणजे नंतर मित्राला अवघड प्रश्न विचारावा लागत नाही.

छापलेल्या प्रत्येक वस्तूवर खर्च कुणी केला त्याचं नाव आणि पत्ता हवा. पाट्यांची ऑर्डर देताना हीच ओळ विसरते आणि मग शंभर पाट्यांवर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

मराठी मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर त्याला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. अध्यक्षांनी गणेशोत्सवाच्या मंचावरून ‘आपल्या ताईंना मत द्या’ म्हटलं तर अडचण मंडळाची होते. सगळ्या उमेदवारांना सारख्या वेळेसाठी बोलावून चर्चा घेणं चालतं. मंडळाला तेच सुचवा.

मतांचा हिशेब

गेल्या तीन निवडणुकांचे निकाल काउंटी क्लार्कच्या साइटवर असतात. तीन जागा असतील तर तिसऱ्या क्रमांकाला किती मतं पडली तो आकडा महत्त्वाचा. समजा, तो ४,२०० होता. तर ४,७०० धरून चला. पण वर्ष बघा. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीचं वर्ष, गव्हर्नरचं वर्ष आणि ज्या वर्षी गावात फारसं काहीच नाही असं वर्ष, यांत मतदानाचा फरक फार मोठा असतो. तीन वर्षांच्या मुदतीमुळे तुमची जागा प्रत्येक खेपेला वेगळ्या प्रकारच्या वर्षात पडते. तुमच्या वर्षासारखंच वर्ष मागे शोधा आणि त्याच्याशी तुलना करा.

न्यू जर्सीत बोर्डाच्या जागा मतपत्रिकेवर पक्षांच्या रांगांपासून वेगळ्या असतात. अनेक मतदार वरची नावं भरून तिथपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून दारात उभं राहून बोलताना अर्धा वेळ ‘का’ सांगण्यात आणि अर्धा वेळ ‘कुठे’ दाखवण्यात घालवा. काउंटीची नमुना मतपत्रिका छापून घ्या, तुमच्या नावाभोवती गोल करा आणि तीच दाखवा. मराठी घरात बोलणं साधारण असं असावं:

‘नमस्कार काकू, मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. बावीस वर्षं पाचवी शिकवली, आता निवृत्त आहे. स्कूल बोर्डाला उभी आहे. आपल्या करातला मोठा हिस्सा शाळेला जातो, त्याचा हिशेब मी दर बैठकीत विचारणार आहे. तुमची टपाली मतपत्रिका आली का? हे बघा, पक्षांच्या रांगा झाल्या की हा वेगळा भाग आहे. तीन नावांना खूण करता येते. इथे माझं नाव.’

एवढंच. दीड मिनिटाच्या आत. काकू चहाला थांबवतील. पहिल्या फेरीत थांबू नका, संध्याकाळी परत येण्याचा शब्द द्या आणि या. तासाला बारा ते पंधरा दारं होतात. त्याहून जास्त होत असतील तर बोलणं कमी पडतंय.

तीन नावांना खूण करता येते म्हणजे करावीच लागते असं नाही. एकाच नावाला मत देणं वैध आहे. सोबत कुणी उभं नसेल तर जवळच्या मतदारांना हे सांगायला हरकत नाही. जोडीनं उभे असाल तर तसं सांगणं जोडीदाराशी दगाबाजी ठरते.

तारखा सणांशी जुळवून लिहून ठेवा. २०२६ मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला आहे. टपाली मतपत्रिका त्याच्या ४५ दिवस आधी, म्हणजे १९ सप्टेंबरच्या सुमाराला निघतात. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, त्यामुळे घरात गणपती असतानाच मतपत्रिका टपालपेटीत येऊन पडणार आणि कागदांच्या ढिगात जाणार. त्या आठवड्यात फोन करा. नवी मतदार नोंदणी मतदानाच्या २१ दिवस आधी, १३ ऑक्टोबरला बंद होते आणि तेव्हा नवरात्र चालू असेल. आगाऊ मतदान २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, म्हणजे दसऱ्यानंतर लगेच. ज्यांनी पत्रक ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाठवायचं ठरवलेलं असतं त्यांचं पत्रक पोचेपर्यंत बऱ्याच लोकांचं मत देऊन झालेलं असतं. पहिलं पत्रक १५ सप्टेंबरपर्यंत घरोघर गेलं पाहिजे.

माजी शिक्षकानं प्रचारात काय करू नये

विद्यार्थ्यांच्या दप्तरातून पत्रक पाठवू नका आणि शाळेच्या आवारात मुलांच्या हातात प्रचाराचं काही देऊ नका. राज्याचा कायदा त्याला मनाई करतो. जुन्या वर्गाच्या पालकांचे ईमेल पत्ते तुमच्याकडे नोकरीमुळे आले. ते प्रचाराला वापरायचे नाहीत, कितीही सोपं वाटलं तरी. ज्या पालकांशी तुमची वैयक्तिक ओळख आहे त्यांना स्वतःच्या फोनवरून बोला. कुठल्याही मुलाची गोष्ट, नाव न घेतासुद्धा, भाषणात सांगू नका. गाव लहान असतं. ‘एक मुलगा होता, आई-वडील वेगळे झालेले’ एवढ्यावरून तिसऱ्या रांगेतल्या बाईंना तो कोण ते कळतं. आणि ज्याच्याकडे मुलाची गुपितं सुरक्षित राहत नाहीत त्याला कुणी मत देत नाही.

सध्याच्या शिक्षकांनी शाळेच्या वेळेत, शाळेच्या ईमेलवरून, शाळेच्या फोटोकॉपी यंत्रावर तुमच्यासाठी काही करू नये हे तुम्हीच त्यांना सांगा. त्यांची नोकरी आहे. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही. अनेक केंद्रं शाळांतच असतात, तेव्हा जुन्या सवयीनं प्रचाराचा बिल्ला लावून आत सहकाऱ्यांना भेटायला जाऊ नका. स्वतः मत द्यायला जातानाही बिल्ला काढून जा.

उमेदवारांच्या जाहीर चर्चेत साधारण दोन मिनिटं मिळतात. शिक्षक त्यातलं दीड मिनिट आपल्या कारकिर्दीवर घालवतात. कारकीर्द एका वाक्यात सांगा. मग एक आकडा, एक प्रश्न आणि तुम्ही काय तपासाल ते. उदाहरणार्थ: ‘तीन वर्षांत बाहेरच्या शाळांच्या फीवरचा खर्च इतका वाढला. यातल्या किती मुलांसाठी आपल्याच शाळेत वर्ग उभा करता आला असता हे बोर्डानं विचारलं का? मी पहिल्या वर्षात याचा अहवाल मागेन.’ ‘मी खर्च कमी करेन’ असं म्हणू नका. एकट्यानं ते होत नाही आणि ऐकणाऱ्यांतल्या जाणत्यांना ते माहीत असतं. विशेष शिक्षणाबद्दल बोलताना दुसरीही काळजी घ्या: त्या मुलांना मिळणारी सेवा हा त्यांचा कायद्यानं दिलेला हक्क आहे. तिला ‘ओझं’ म्हणणारा शब्द चुकूनही तोंडून निघू देऊ नका. त्या घरातली आई समोर बसलेली असते.

निवडून आल्यावरचे पहिले महिने

निकालानंतर ३० दिवसांत गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, बोटांचे ठसे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शपथ आणि नव्या बोर्डाची पहिली बैठक. तिच्यातच अध्यक्ष निवडला जातो आणि नवीन सदस्याकडे त्यासाठी आधीच फोन येतात, तेव्हा शब्द देण्याआधी सगळ्यांचं ऐकून घ्या. आर्थिक आणि नातेसंबंधांची माहिती देणारं विवरणपत्र भरावं लागतं. पहिल्या वर्षात न्यू जर्सी स्कूल बोर्ड्स असोसिएशनचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते जानेवारी-फेब्रुवारीतच उरकून घ्या, कारण मार्चमध्ये बजेट काउंटीच्या कार्यालयाकडे जायचं असतं आणि तुम्ही तोपर्यंत नुसते पानं उलटत बसलेले असता कामा नये. कमिटी निवडायला मिळाली तर अभ्यासक्रमाची मागू नका. ती तुम्हाला येते. अर्थ कमिटी मागा.

सर्वांत कठीण वेळ येते ती फोनवर. जुनी सहकारी रात्री फोन करते: नव्या प्रिन्सिपलनं तिचा वर्ग बदलला, अन्याय झाला आहे, तू बोर्डावर आहेस. तिचं म्हणणं खरंही असेल. पण ते प्रकरण उद्या तक्रार म्हणून बोर्डापुढे आलं, तर तुम्हाला ते दोन्ही बाजूंचे कागद पाहून ठरवावं लागेल. तुम्ही आधीच एका बाजूचं सगळं ऐकलेलं असेल, तर त्या दिवशी तुम्हाला मत न देता खोलीबाहेर जावं लागतं. म्हणजे जिला मदत करायची होती तिचंच एक मत कमी होतं. मैत्रिणीसाठी सुपरिंटेंडेंटवर परस्पर दबाव आणणंही आचारसंहितेच्या विरुद्ध आहे. तेव्हा उत्तर आधीच ठरवून, पाठ करून ठेवा: ‘बाई, मला तपशील सांगू नका. आधी प्रिन्सिपलशी बोला, मग संघटनेच्या प्रतिनिधीला घेऊन लेखी द्या, त्यानंतर सुपरिंटेंडेंट. बोर्डापुढे आलं तर मी पूर्ण वाचून बसेन.’ आणि फोन ठेवल्यावर तारीख, वेळ आणि आपण काय सांगितलं ते वहीत एका ओळीत लिहून ठेवा.